वाडीचं पाणी आणि मामाजींचं धोतर

आमच्या घरी कपडे धुवायची मशीन आली ती पोचा पडलेली. ट्रकमधून उतरवताना हमालांच्या हातून निसटली, एका कोपऱ्यावर आपटली, आणि ज्या दुकानदाराची होती त्याने ती घ्यायला साफ नकार दिला. माझे यजमान अमरावती रोडवरच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंगचं काम बघायचे. मालकाला विचारून त्यांनी ती स्वस्तात उचलली आणि हातगाडीवर घालून घरी आणली. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि आमच्या गल्लीत तोवर कोणी अशी मशीन पाहिली नव्हती. पोरंसोरं हातगाडीच्या मागे ओरडत आली. सासूबाईंनी मशीनला हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला, आणि पोचा पडलेल्या कोपऱ्यावर लिंबू-मिरची बांधली, म्हणजे तिथे कोणाची नजर जायची नाही.

मशीन माझ्यासाठी आली असं सगळे म्हणत, आणि ते खरंच होतं. मी लग्नाआधी बी.एड. झाले होते. कळमेश्वरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला गणित शिकवायला घेते म्हणून तोंडी शब्द दिला होता. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली की रुजू व्हायचं. लग्न जमवतानाच माझ्या वडिलांनी ही गोष्ट उघड बोलून घेतली होती, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आमची काही हरकत नाही." त्या घरात कशालाच कोणाची हरकत नसायची. कोणी नाही म्हणालं असतं तर मी भांडले असते, भांडायला मी कधी मागे नव्हते. पण हरकत नाही म्हणणाऱ्यांशी भांडायचं कसं, हे बी.एड.ला शिकवलं नव्हतं.

सासूबाईंचीही हरकत नव्हती. त्यांचा फक्त एक प्रश्न होता.

"जाय ना वं, काहून नाही जायचं? पण एवढ्या मोठ्या घराचं धुणं कोण धुईन?"

घर मोठंच होतं. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि यजमानांचे एक धाकटे भाऊ. दीर ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये कामाला होते, त्यामुळे त्यांच्या पँटी ग्रीसने भिजून नुसत्या उभ्या राहायच्या. पण ते धुणं काही खरं धुणं नव्हतं. खरं धुणं होतं मामाजींचं धोतर.

मामाजींची शेती गावाकडे त्यांचा भाऊ करायचा आणि ते मुलांच्या नोकरीपायी वाडीला येऊन राहिले होते. पण गावाकडच्या सगळ्या सोयरिकी त्यांच्याच तोंडाने जुळायच्या. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असो, वाटणी असो, भावाभावांची कुरबूर असो, मामाजींना बोलावणं यायचंच. ते पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घालून जायचे. तो पांढरेपणा हीच त्यांची मिळकत होती. आणि घराची रीत अशी की त्यांचं धोतर परटाकडे द्यायचं नाही, मोलकरणीच्या हाती द्यायचं नाही, घरच्या बाईनेच धुवायचं. मामाजींच्या आईने त्यांच्या वडिलांचं धुतलं, सासूबाईंनी मामाजींचं धुतलं, आता मी धुवायचं. कोणाच्या घरची बाई कशी आहे ते म्हाताऱ्याच्या धोतरावरून कळतं, असं त्यांच्याकडे मानायचे.

आता पाण्याचं सांगते. वाडीला तेव्हा नळ नव्हते. अमरावती रोडवर गोदामं भराभर उठली, ट्रक आले, भाड्याच्या खोल्या झाल्या, पण पाणी काही कोणी आणलं नाही. ज्याच्या त्याच्या अंगणात बोरिंग. आमच्याही अंगणात होती, आणि पाणी भरपूर होतं. दिसायला तर इतकं स्वच्छ की तळाशी पडलेली टाचणी दिसावी. पण ते पाणी जड होतं. त्यात तुरीची डाळ दिवसभर उकळली तरी शिजायची नाही. चहावर तवंग यायचा. बादलीला आतून पांढरी खरपुडी धरायची. अंगाला साबण लावला की फेस व्हायच्या ऐवजी त्याच्या गुठळ्या व्हायच्या, आणि अंघोळ करून आलेलं माणूस धुळीतून आल्यासारखं कोरडं दिसायचं.

सासूबाईंचे हात मी लग्नाच्या दिवशीच पाहिले होते. माझी ओटी भरताना त्यांची बोटं माझ्या शालूच्या रेशमात अडकली होती. भेगा होत्या, बोटांच्या टोकांना आणि तळव्यांना, काळ्या पडलेल्या. कितीतरी वर्षं त्या पाण्यात, त्या साबणाने, ते धोतर.

तर मशीन आली. एका बाजूला धुवायचं, दुसऱ्या बाजूला पिळायचं, मधे गोल फिरवायच्या कळा. यजमानांनी घरातल्या सगळ्यांना भोवती उभं केलं, बोरिंगचं पाणी भरलं, पावडर टाकली आणि कळ फिरवली. ती घुर्र करून फिरायला लागली तेव्हा सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या.

फेस काही आला नाही.

"पावडर कमी पडली," यजमान म्हणाले. आणखी टाकली. तरी नाही. मग दिरांनी पुडाच उलटा केला. वर एक राखट साय धरली आणि कपड्यांना चिकटली. धोतर बाहेर काढलं तर त्याच्यावर भुरे ठिपके, आणि वाळल्यावर ते असं कडक झालं की घडी घालताना पापड मोडल्यासारखा आवाज आला. मामाजींनी ते हातात घेऊन उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग परत दांडीवर टाकलं.

"चालते," ते म्हणाले. "हरकत नाही."

त्या चालते-मध्ये जे होतं ते घरातल्या प्रत्येकाला ऐकू आलं.

त्यानंतर सासूबाईंनी डोकं चालवलं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी साफ होतं, हे आपल्याकडे कोणाला माहीत नाही? त्या म्हणाल्या, या पाण्यातही काहीतरी आहे, तुरटीने बसेल. मला तेव्हाच शंका आली होती, पण नवी सून, शंका गिळली. त्यांनी तुरटीचा चांगला मोठा खडा घेऊन मशीनच्या पाण्यातच गरगर फिरवला आणि वरून पावडरीसोबत किसलेला साबणही टाकला. झालं! साबण पाण्यातच फाटला. नासक्या दुधासारखा. त्याचा चिकट चोथा सगळ्या कपड्यांना बसला, मशीनच्या चक्रीखाली गेला, पाणी जायच्या पाइपात अडकला. दिवसभर मी आणि यजमान तारेने पाइप कोरत बसलो. दीर हसत होते. त्यांच्या पँटींना काय, ग्रीसवर चोथा बसला काय आणि नाही बसला काय.

मला हसू येत नव्हतं. शाळा उघडायला महिनाभरच राहिला होता आणि त्या चोथ्यात माझी नोकरी अडकली होती. ती मशीन चालली तर मी कळमेश्वरच्या एसटीत बसणार होते. नाही चालली तर मोरीत.

माझं माहेर उमरेडचं, हातमागावरचं. वडील सूत रंगवायचे. आमच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणीही उन्हाळ्यात जड व्हायचं, आणि जड पाण्यात सूत टाकलं की रंग डागी बसायचा. म्हणून वडील त्या पाण्यात आधी धुण्याचा सोडा टाकत, ढवळत आणि सोडून देत. पाणी आधी दुधी व्हायचं. सकाळपर्यंत तळाशी पांढरी भुकटी बसायची आणि वर निवळ राहायची. ती निवळ तेवढी तांब्याने अलगद काढून घ्यायची. लहानपणी ते काम माझ्याकडे होतं. तळ हलला की वडील ओरडायचे. ते सगळं मी विसरूनच गेले होते. पाइपातून निघालेली पांढरी भुकटी बोटावर घेतली तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी यजमानांना गोदामातून लोखंडी ड्रम आणायला सांगितले. ते घासून अंगणात मांडले, संध्याकाळी बोरिंगने भरले, सोडा टाकला, काठीने ढवळलं. सकाळी वरचं पाणी तांब्याने काढून मशीनमध्ये घातलं, पावडर टाकली, कळ फिरवली.

फेस आला. पांढरा, फुगलेला, झाकणापर्यंत.

सासूबाईंनी त्यात हात घातला आणि काढून पाहिला, पुन्हा घातला. मी खंगाळायलाही निवळच वापरली, नाहीतर शेवटच्या पाण्यात सगळं मुसळ केरात गेलं असतं. धोतर वाळलं तेव्हा ते असं पांढरं झालं होतं की शेजारची बाई कुंपणावरून विचारायला आली, नवीन घेतलं का म्हणून. मामाजी ते नेसून एका साक्षगंधाला गेले आणि परत आल्यावर ओसरीवर बसून मोठ्याने म्हणाले, मी आत ऐकावं म्हणूनच मोठ्याने, "सूनबाईच्या हाताले जस आहे."

मला इतका आनंद झाला की मी त्या संध्याकाळी साडीला इस्त्री करून ठेवली. शाळेत पहिल्या दिवशी नेसायची साडी.

मी काय करून बसले होते ते मला कळायला थोडा वेळ लागला.

मशीन काम वाचवते, असं म्हणतात. आमच्या मशीनचं काम आदल्या संध्याकाळीच सुरू व्हायचं. वीज असेल तेव्हा बोरिंग चालवून ड्रम भरा, सोडा टाका, ढवळा. सकाळी उठून तांब्या तांब्या पाणी काढा, तळ हलू देऊ नका. मशीन भरा, चालवा, रिकामी करा, पुन्हा निवळीने भरा, खंगाळा. मग ड्रम आडवे करून तळाचा चुना खरवडा, नाहीतर उद्याची निवळ येत नाही. मोरीत बसून दगडावर आपटलं असतं तर एव्हाना धुणं वाळलं असतं! पण आता दगडावर धुतलेलं कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हतं. एकदा ते पांढरं पाहिल्यावर मागे कोण जातं? दीरही आपल्या शर्टाची कॉलर उजेडात धरून बघायला लागले. रस्त्यापलीकडे राहणारी माझी चुलत सासू पलंगपोस घेऊन आली, "तुमच्या मशीनमधून काढ वं एवढं," म्हणून.

आणि सोड्याचं माप डोळ्यावर होतं. कमी पडला तर साबण फाटणार, जास्त झाला तर कपडा पिवळा पडणार आणि हाताची सालटं निघणार. पाणी रोज सारखं नसायचं. उन्हाळ्यात जास्त जड, पावसानंतर जरा हलकं. मी ढवळताना पाण्याचा दुधी रंग बघायची आणि थांबायची. हे माप त्या घरात मला एकटीलाच येत होतं.

म्हणून मी शिकवायचं ठरवलं. शिक्षिकाच होते ना. यजमानांना शिकवलं, त्यांनी पहिल्याच तांब्याला तळ गाठला आणि सगळा चुना मशीनमध्ये ओतला. दिरांना शिकवायचा प्रश्नच नव्हता. राहिल्या सासूबाई.

"आत्याबाई, हे बघा," मी म्हटलं. "एवढा सोडा. मग असं ढवळायचं. रंग असा आला की बस."

त्या पदर तोंडाला लावून लांब उभ्या होत्या.

"मले नाही समजत बाई तुमचं ते शिकेल लोकाइचं."

मला असा राग आला! ज्या बाईला लोणच्याचं मीठ बोटांना कळतं, कुरडयांचा चीक नुसत्या वासावर उतरवता येतो, तिला सोड्याचं माप कळत नाही? मी पुन्हा सांगितलं, पुन्हा दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि हात पदराखाली घेतला. मी मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी शाळा उघडली आणि मी गेले. हो, गेले. पहाटे उठून निवळ काढली, मशीन भरून ठेवली, सासूबाईंना म्हटलं, कळ फिरवा, झालं की बंद करा, खंगाळायचं पाणी त्या ड्रममध्ये आहे. इस्त्रीची साडी नेसून एसटीत बसले. खिडकीतून वाडीची गोदामं मागे गेली आणि शेतं सुरू झाली, तेव्हा माझ्या छातीवरून कोणीतरी पाय काढला असं वाटलं. शाळेची कौलारू इमारत होती. मला सहावीचा वर्ग दिला. मी फळ्यावर अपूर्णांक मांडले आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आता समजलं." ते शब्द मी एसटीभर तोंडात घोळवत घरी आले.

जेमतेम आठवडा झाला असेल. मी गेल्यावर घरात काय होत होतं ते मला संध्याकाळी दांडीवर दिसायचं. निवळ पुरायची नाही, वीज जायची, मग सासूबाई उरलेलं बोरिंगच्या पाण्याने उरकायच्या. धोतर आधी मळकट झालं, मग राखट. मी रात्रीचा स्वयंपाक करून ड्रमशी जायची, पण माझे हात दोनच होते. मामाजी ते राखट धोतर नेसून गावाकडे एका सोयरिकीच्या बैठकीला गेले. तिथे त्यांच्याच वयाच्या कोणीतरी भरल्या बैठकीत थट्टेने विचारलं, "काय गा, सून माहेरी गेली का?" सगळे हसले. मामाजीही हसले असतील, त्यांना हसावंच लागलं असेल. घरी आल्यावर त्यांनी हे मला सांगितलं नाही. यजमानांना सांगितलं, आणि यजमानांनी मला.

"मग आता?" मी विचारलं.

"मी काय म्हणू?" यजमान म्हणाले. "तू जाऊन राहिली तं जाय. कोणाची ना थोडीच आहे."

हे असं. कोणाचीच ना नव्हती. सगळी दारं उघडी होती, आणि मी अंगणातल्या दोन ड्रमच्या मधे उभी होते. मला तेव्हा खरोखर वाटलं होतं की ओरडावं. एकाने तरी उठून म्हणावं की जायचं नाही, मग मी त्याला सुनावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले. सासूबाई चुलीपाशी चहा गाळत होत्या. पितळेचा पेला उचलताना त्यांनी तो पदराच्या टोकाने धरला. चहा काही फार गरम नव्हता, मी माझा हातातच धरला होता. मी म्हटलं, दाखवा हात.

"काही नाही वं, जाय तू, तुही गाडी निघून जाईन."

मी त्यांचा हात ओढून बघितला. मशीन आल्यापासून, मी निवळ काढायला लागल्यापासून, त्यांचे हात भरून आले होते. हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं, कारण मी त्यांच्या हातांकडे बघतच नव्हते, फक्त ते पदराखाली का घेतात याचा राग करत होते. आता बोटांच्या टोकांना पुन्हा उललं होतं. ताजं, लाल. बघताक्षणी कळलं, या चार-सहा दिवसांत धोतर पांढरं व्हावं म्हणून त्या दुपारी एकट्या मोरीत बसून ते हाताने पुन्हा धूत होत्या, आणि सोडा मापापेक्षा जास्त घालत होत्या.

"तुम्हाला माप येत होतं ना?" मी विचारलं. "मी दाखवलं तेव्हा?"

त्यांनी गाळणी चुलीच्या कडेला उपडी ठेवली. मग म्हणाल्या, "मले त्या पाण्याचं भेव वाटते आता. एवढं आयुष्य हात घातला, तेव्हा नाही वाटलं. आता बरे झाले तं वाटून राहिलं." पुढे म्हणाल्या, "म्हटलं, मले येत नाही असं म्हणीन तं पुन्हा हात घालावा नाही लागणार."

मी तिथेच पाटावर बसले. त्यांचा राग करायची माझी किती तयारी झाली होती, आणि ती सगळी वाया गेली. त्यांनी मला अडकवलं होतं, त्यात शंका नाही. पण त्या सुटल्या होत्या, आणि सुटायला त्यांच्याजवळ माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. बाहेर रस्त्यावर कळमेश्वरच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. सासूबाई म्हणाल्या, "पळ." मी पळाले नाही. गाडी थांबली, माणसं चढली, गेली. आम्हा दोघींपैकी कोणीतरी एकीने त्या पाण्यात हात घालायचा होता, आणि त्या उललेल्या बोटांना पुन्हा घाल म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी साडी बदलली आणि ड्रम भरले.

मुख्याध्यापिकेने थोडे दिवस वाट पाहिली, एकदा निरोपही पाठवला. मग त्यांनी दुसऱ्या बाईंना घेतलं. त्यांची काय चूक? मुलांचे अपूर्णांक थांबणार होते थोडेच.

पुढची वर्षं मी काय सांगू? सांगण्यासारखी नाहीतच. संध्याकाळी भरा, सकाळी काढा. मला मुलगा झाला, मुलगी झाली, त्यांचे लंगोट त्याच निवळीत धुतले. मामाजींचं धोतर पांढरं राहिलं, आणि त्यांना बोलावणी येत राहिली. ते जिथे जात तिथे माझं कौतुक करत. ते कौतुक कानावर आलं की मी उठून ड्रम खरवडायला जायची. सासूबाईंचे हात मऊ राहिले. दुपारी त्या माझ्या मुलीच्या डोक्याला तेल लावायच्या, आणि केस कुठे अडकायचे नाहीत. ते बघून मला बरं वाटायचं आणि त्याच क्षणी वाईटही वाटायचं. अजूनही ते दोन वेगळे करता येत नाहीत. माझ्या स्वतःच्या बोटांना भेगा पडल्या, पण मी त्यांना दाखवल्या नाहीत.

मग वाडीला नळ आला. कधी येणार, कधी येणार करत एकदाचा आला. रस्ते खणले, पाइप पुरले, आणि एका सकाळी अंगणातला नळ खोकला, हवा सोडली आणि धो धो वाहायला लागला. शेजारपाजारचे सगळे आपापल्या नळापाशी उभे होते. सासूबाईंनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि म्हणाल्या, "गोड आहे वं." त्या दिवशी तुरीची डाळ दोन उकळ्यांत शिजली.

मी मशीनला नळाची रबरी नळी लावली. सोडा नाही, ड्रम नाही, तांब्या नाही. नळी टाकली आणि पाणी भरलं. पावडर टाकताना हात आपल्या सवयीने पडला. निवळीत कितीही काढला तरी थोडा जडपणा राहायचाच, म्हणून वर्षानुवर्षं मी दोन मुठी जास्त टाकत आले होते. कळ फिरवली, आणि फेस जो उसळला, तो झाकण उचलून बाहेर आला, मशीनच्या पोच्यावरून खाली ओघळला, अंगणभर पसरला. मुलं त्यात नाचायला लागली. मामाजी ओसरीवरून हसत होते. सासूबाईही पोट धरून हसल्या. त्यांना असं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याजवळ आल्या. ओल्या मऊ हाताने माझा दंड धरला.

"आता तं मशीन कोणीबी चालवन," त्या म्हणाल्या. "मी चालवन. आता जाय वं तू शाळेत. आता काहून थांबून राहिली?"

त्या मनापासून म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, जणू एवढी वर्षं त्याही हेच सांगायला थांबल्या होत्या. त्यांना माहीत नव्हतं की शाळेतली ती जागा केव्हाच भरली होती, आणि नोकरीला लागायची वयाची अट मी कधीच ओलांडली होती. मी कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून काय करणार होते? तो हात अजून माझ्या दंडावर होता.

"जाते आत्याबाई," मी म्हटलं. "एवढा फेस निस्तरला की जाते."

आणि खराटा घेऊन अंगणात उतरले.